करंजाखालची माती

“माती कुठं ठिवलीसा?”

पाडव्याची सकाळ होती. गुढी नुकतीच उभी राहिली होती आणि कडुनिंबाची चटणी मी श्रीधरच्या तळहातावर ठेवत होते. तोंड वाकडं करून तो ती गिळणार, एवढ्यात कुंपणापलीकडून हा आवाज आला. फाटकाशी बायडाक्का फडतरे उभी होती. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घर, रान, जनावरं सगळं मुलाच्या बरोबरीने ओढायची. गावात तिचा दरारा होता, पण आमच्या क्वार्टरच्या फाटकाला तिने आजवर कधी हात लावला नव्हता.

“कसली माती?” मी विचारलं.

“आमच्या बांधाची. करंजाखालची. काल पाटंचं नेलीसा ती.”

“ती होय!” मला हायसं वाटलं. “ती टिपाडात घातली. या ना, दाखवते.”

मी तिला घरामागे नेलं. जांभळाच्या सावलीत पिंपासारखं निळं प्लास्टिकचं टिपाड होतं, त्यावरचं बारदान मी मोठ्या हौसेने बाजूला केलं. आत तपकिरी फेस आला होता आणि आंबूस वास सुटला होता. मी काठी घेतली आणि शिकवणी घ्यावी तशी सुरू झाले. “शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि तुमच्या बांधाची डबाभर माती. रोज सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. चार-पाच दिवसांत खत तयार. मग पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालायचं.”

बायडाक्काने टिपाडावर हात धरला. आत घालावा की नको असं तिला झालं असावं, कारण हात तसाच अधांतरी राहिला आणि मग मागे आला.

“ह्यात कालवली?”

“हो.”

“झाडास्नी घालू नगा,” ती म्हणाली. “म्या सांगस्तवर घालायची न्हाई.”

एवढं बोलून ती गेली. पाडव्याचा गूळसुद्धा तिने हातावर घेतला नाही.

आता नमनाला घडाभर तेल न जाळता आधीचं सांगून टाकते. श्रीधर गुरांचा डॉक्टर. खटाव तालुक्यातल्या बोरजाईवाडीत त्याची बदली झाली, म्हणून मी डॉक्टरीणबाई. क्वार्टरमागे बऱ्यापैकी मोकळी जागा होती, पण तिथल्या मातीला माती म्हणणं म्हणजे मातीचा अपमान होता. नुसता मुरूम आणि बांधकामातले विटांचे तुकडे. माघात मी तिथे वाफे केले आणि काकडी, भेंडी, गवार, कारली, मिरची लावली. रोपं उगवली, बोटभर झाली आणि तिथेच बसली. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्याकडे बघायची. ती पिवळी पानं घेऊन माझ्याकडे बघायची.

खत घालायला हवं होतं, पण कुठलं? तालुक्याच्या दुकानदाराने दहा-सव्वीस-सव्वीस दाखवलं. दूध घालणारी सिंधू म्हणाली, शेळीच्या लेंड्यांसारखं खत नाही. श्रीधर म्हणाला, “चिमूटभर युरिया टाक, वरून पाणी सोड आणि मोकळी हो.” मी प्रत्येकाला ‘का?’ म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, “का म्हणजे? सगळे घालतात.” सिंधू म्हणाली, “आमची सासू घालायची.” श्रीधर काहीच बोलला नाही, कारण तो मला ओळखून होता. माझी आई म्हणायची, हिला एक वेळ उपाशी ठेवा, पण हिच्यापुढे गोष्ट अर्धी सांगू नका. श्रीधर मला घरातलं चौकशी खातं म्हणायचा.

मग तालुक्याला एक शिबिर झालं. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने जीवामृत कसं करायचं ते सांगितलं आणि माझ्या ‘का’ला पहिल्यांदा उत्तर मिळालं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही दही लावता ना? शेण-गोमूत्र हे दूध समजा, गूळ-बेसन त्याचा खाऊ आणि माती हे विरजण. दूध कितीही चांगलं असू द्या, विरजण नासकं असलं तर दही लागत नाही. तेव्हा माती जपून निवडा. जिथे नांगर लागला नाही, औषध पडलं नाही, माणसाने ढवळली नाही, अशा बांधावरची घ्या.”

झालं. चौकशी खात्याला काम मिळालं. मी रोज संध्याकाळी फिरायला जाऊन लोकांचे बांध बघत सुटले. कुठे तणनाशक मारलेलं, कुठे पाइपलाइन नेलेली, कुठे बांध कोरून कोरून पाऊलवाटेएवढा केलेला. गावाला वाटायचं, डॉक्टरीणबाईंचं काहीतरी हरवलंय. आणि एके दिवशी फडतऱ्यांच्या रानात मला हवं ते दिसलं. नांगराची तासं सरळ आली होती. बांधालगतच्या करंजापाशी ती वळसा घालून पुढे गेली होती आणि पुन्हा सरळ झाली होती. मधे चटईएवढी जागा सुटली होती. वर करंजाच्या कुजलेल्या पाल्याचा थर आणि खाली काळी, भुसभुशीत, चाळून ठेवल्यासारखी माती. मला गुप्तधन सापडल्याचा आनंद झाला. नांगर इथे का वळला असेल, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही. पण तेव्हा मला माती हवी होती, उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी स्टीलचा डबा आणि खुरपं घेऊन गेले आणि वरवरची माती भरून आणली. कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. पुण्यात वाढलेल्या मुलीला माती ही विचारून घ्यायची वस्तू वाटत नाही. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं मला त्या सकाळी आठवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अवलक्षणाचा अर्थ सिंधूने समजावला. पाडव्याच्याच दिवशी, दूध मापता मापता.

“बाई, काय करून बसलासा हो? आवसंच्या दिशी, सूर्व्या उगवायच्या आत, लोकांच्या रानातली माती उचलायची?”

“मग काय झालं?”

“आत्ता गं बया! करणी करायला नेत्यात तशी माती. त्यात बायडाक्काच्या संपतचं लगीन जमता जमंना. दोन ठिकाणं आली आन मोडली. लोक म्हनत्यात, आता कळलं कोण बांधून टाकतंय त्ये.”

“अगं, पण मी कशाला त्याचं लग्न बांधून टाकू? शेण आणि गोमूत्र तर तूच आणून दिलंस!”

सिंधूचा चेहरा पडला. “त्ये कुणाला सांगू नगा,” ती म्हणाली आणि नेहमीपेक्षा जास्तच दूध ओतून गेली.

मला हसू आलं होतं, पण ते संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. श्रीधर दवाखान्यातून आला तोच गप्प गप्प होता. संपत फडतरे त्याच्याकडे येऊन गेला होता. मुलगा तसा सरळ, कष्टाळू. आवाज चढवून बोलला नव्हता, पण बोलला ते पुरेसं होतं. “डॉक्टर, मी करणी-बिरणी मानत न्हाई,” तो म्हणाला होता. “पन आई कालपासनं जेवली न्हाई. त्या टिपाडात काय आसंल त्ये ओढ्यात सोडून द्या, मंजी इषय मिटला. न्हाईतरी या आठवड्यात बांध काढायला जेसीबी सांगितलाय मी. करंज बी काढणार. त्येच्या सावलीनं चार सऱ्या वाया जात्यात.”

“सुमे, टाक ते ओढ्यात,” श्रीधर मला म्हणाला. “फडतऱ्यांनी आपल्याकडे जनावरं दाखवायची बंद केली तर अर्धी वाडी बंद करेल. तुझ्या चार काकड्यांपायी माझा दवाखाना बसायचा.”

त्याचं खरं होतं. आपण आलो तिथे चार वर्षं राहायला, लोकांच्या जिवाला घोर लावायला नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच बायडाक्काकडे गेले. ती परड्यात शेणी थापत होती.

“बायडाक्का, माझं चुकलं,” मी म्हटलं. “मला रीत माहीत नव्हती. खत मी झाडांना घालत नाही. आजच ते टिपाड ओढ्यात रिकामं करते. वाहत्या पाण्यात सगळं जाईल.”

बायडाक्का ताडकन उठली. शेणाने भरलेल्या हाताने तिने माझं मनगट धरलं.

“व्हावत्या पान्यात न्हाई सोडायची!”

“पण संपत म्हणाला...”

“संपतला काय कळतंय? सोडायची न्हाई म्हंजी न्हाई. कुठं जाईल वाहत? कुणाच्या पायाखाली जाईल?” मग तिचं तिलाच कळलं की आपण माझा हात आवळून धरलाय. तिने तो सोडला. माझ्या मनगटावर तिची बोटं हिरवी उमटली होती. “झाकून ठेव ते. ऊन लागू देऊ नगंस,” ती खालच्या आवाजात म्हणाली. आत्तापर्यंत ती मला अहो-जाहो करत होती. अगं-तुगंवर कधी आली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

मी घरी आले ती डोक्यात भुंगा घेऊनच. करणीची भीती असती तर हिने सुटकेचा श्वास सोडला असता. करणीवर उताराच मुळी वाहतं पाणी, एवढं तर सिंधूच्या कृपेने आता मलाही ठाऊक झालं होतं. मग ही झाडांना घालू देत नाही, ओढ्यात सोडू देत नाही, परतही मागत नाही. हिला हवंय तरी काय? श्रीधर म्हणाला, “तू विचार करू नकोस.” म्हणजे पावसाला पडू नकोस म्हणण्यासारखंच.

त्या दिवसापासून बायडाक्का रोज येऊ लागली. संपत डेअरीला दूध घालायला गेला की ती यायची आणि टिपाडाशेजारी, जांभळाच्या बुंध्याला टेकून बसायची. पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मी चहा दिला, तो प्यायली. दुसऱ्या दिवशी मी खत ढवळायला काठी घेतली, तर तिने ती माझ्या हातातून घेतली.

“जोरानं ढवळतीस तू,” ती म्हणाली. “असं न्हाई.” आणि ताकात रवी नाही, नुसता हात फिरवावा, इतक्या हळू ती काठी फिरवत राहिली.

“गूळ किती घातलास?”

“दोन मुठी.”

“चांगला व्हता का? का काळा?”

“चांगला होता. घरात खायचा होता तोच.”

तिने मान हलवली. तिला ते पसंत पडलं असावं. तिसऱ्या दिवशी ती पदराखाली वाटी घेऊन आली. वाटीत दूध होतं.

“ह्यात घातलं तर चालंल?”

“दूध? तसं कुणी सांगितलेलं नाही, बायडाक्का. खत बिघडेल कदाचित.”

“एवढ्याशानं न्हाई बिघडायचं,” ती म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत वाटी आत रिकामी केली. मग रिकाम्या वाटीकडे बघत बसली. मला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. जिभेवर आलेला प्रश्न गिळण्याची मला सवय नाही, पण त्या बाईच्या बसण्यात असं काहीतरी होतं की मी तो गिळला आणि तिच्याशेजारी लसूण सोलत बसले.

पाचव्या दिवशी वास बदलला. आंबूस होता तो सडका होऊ लागला. शिबिरात सांगितलं होतं, आठवड्याच्या आत घाला, नाहीतर विरजण मरतं. मी बायडाक्काची वाट बघत होते. ती आली तशी म्हटलं, “बायडाक्का, आता तुम्हीच सांगा. आज नाही घातलं तर वाया जाणार. मग फेकून देण्याशिवाय इलाज नाही.”

तिने टिपाडात वाकून वास घेतला. मग म्हणाली, “चल. दाव तुझी झाडं.”

मी तिला वाफ्यांवरून नेलं. बाजारात बैल बघावा तशी ती एकेका रोपापाशी वाकून बघत होती.

“ही मिरची,” मी म्हटलं.

“नगं. तिखाट.”

“हे कारलं.”

“कडू हाय. नगं.”

“मग काकडीला घालू? काकडीला फार गरज आहे.”

काकडीपाशी ती थबकली. पानावरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाली, “काकडी तुमी खानार.”

“खाण्यासाठीच लावलीय ना.”

“तेच म्हनते. नगं.”

“भेंडी? गवार?”

“उन्हाळा सरला की उपटून टाकनार त्ये.” ती सरळ झाली आणि सगळ्या वाफ्यांवरून तिची नजर फिरली. “जगनारं काय लावलंच न्हाईस का गं तू? ऱ्हानारं?”

कुंपणालगत जास्वंदीची एक फांदी रोवलेली होती. मी ती दाखवली.

“आन तुमची बदली झाल्यावर?” बायडाक्का म्हणाली. “दुसरा डाक्तर येऊन तोडून टाकंल.”

मिरची तिखट म्हणून नको, कारलं कडू म्हणून नको, काकडी आम्ही खाणार म्हणून नको. असं कुणी खताबद्दल बोलतं का? पाच दिवस गिळलेला प्रश्न मी विचारला.

“बायडाक्का, त्या करंजाखाली काय आहे?”

ती वाफ्याच्या कडेला बसली. पदर सावरला. माझ्याकडे न बघता, काकडीच्या रोपाकडे बघत बोलली.

“माझी पोरगी हाय. पयली.”

“संपतच्या आदीची. बारशाच्या आदीच गेली. नाव बी न्हाई ठिवलेलं. सासू म्हनली, पोरीच्या जातीला काय रडायचं, दुसरं हुईल. रडू दिलं न्हाई मला. ह्येंनी कापडात गुंडाळली आन घेऊन गेले. मी उंबऱ्यात उभी. सांजच्याला परत आले, हात मातीनं भरलेले. म्हनले, बांधाला ठिवलीया, वर करंजाचं रोप लावलंय. बास. त्यानंतर कधी एक शब्द काढला न्हाई. मी बी न्हाई.” तिने रोपाजवळची माती बोटाने सारखी केली. “पन मरस्तवर नांगर वळवून घेतला त्येनी. कुणी इचारलं तर म्हनायचे, मुळ्या लागत्यात. संपतला बी तेच ठावं. म्हून त्यो बी वळवतोय. आता म्हनतोय, करंजच काढतो.”

त्या जागेवर मी खुरपं घेऊन बसले होते. आनंदाने डबा भरला होता. आणि तो शेणात कालवून आठवडाभर काठीने ढवळला होता.

“बायडाक्का, मला खरंच...”

“तुला काय ठावं?” ती म्हणाली. “पाडव्याला आले तवा तुझं नरडं धरावं वाटलं. खोटं कशाला सांगू? मग तू म्हनलीस, गूळ घातलाय. घरात त्येच परतून परतून आठवलं. इतकी वर्सं झाली, मी बांधावरनं जाते-येते, भाकरी घेऊन जाते, गवत कापते. लोकं बघत्यात म्हून तितं घडीभर टेकले बी न्हाई कधी. तिला कुणी काय घातलं न्हाई गं. घोटभर दूध न्हाई. आन तू, कुठली कोन, तिला गूळ घातलास.”

मला रडू आलं. ती रडली नाही. बहुधा तिला रडायची परवानगी मिळायची अजून राहिली होती.

“संपतला सांगा,” मी डोळे पुसत म्हटलं. “खरं काय ते सांगून टाका. तो बांध नाही काढायचा.”

“आता? एवढ्या वर्सानी? नाव नसलेल्या पोरीचं काय सांगू त्येला? हसंल त्यो.”

“नाही हसणार.”

“तुला काय ठावं?” ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी तो प्रश्न होता.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. फाटक धाडकन वाजलं. दुधाची रिकामी किटली हातात घेऊन संपत आत आला. डेअरीवर कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

“आई! तू रोज हितं येऊन बसतीस व्हय? आन सारा गाव मला इचारतोय!” माझ्याकडे वळून तो म्हणाला, “बाई, मी डॉक्टरांना नीट सांगितलं व्हतं का न्हाई?”

“संपत, ऐका, मी सांगते...”

“आता काय ऐकायचं न्हाई. मीच नेऊन वततो.” त्याने किटली खाली टाकली, तरातरा टिपाडाकडे गेला, बारदान भिरकावलं आणि टिपाडाची कड धरून ते तिरपं केलं. टिपाड जड होतं. हेलकावा बसला आणि डबाभर खत जमिनीवर सांडलं.

“संपत!” बायडाक्का ओरडली. एवढ्या मोठ्या बाईचा तो आवाज इतका बारीक निघाला की मी दचकले. “संपत, सांडू नगंस! तुझी थोरली भईन हाय त्यात!”

संपत होता तसा थांबला. टिपाड त्याच्या हातात तिरपंच राहिलं. त्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या होत्या, पण त्याला ते खाली ठेवावं की धरून राहावं हे कळत नव्हतं. त्याने आधी आईकडे बघितलं, मग टिपाडात.

“कुठली भईन?” तो म्हणाला.

बायडाक्का उठून सांडलेल्या जागेपाशी गेली होती. गुडघ्यावर बसून ओला चिखल दोन्ही हातांनी गोळा करत होती आणि पदरात भरत होती. संपतने टिपाड हलकेच सरळ केलं. इतकं हलकेच, की बुडाचा आवाज झाला नाही.

“आई, कुठली भईन?”

“बस हितं,” बायडाक्का म्हणाली. “सांगते.”

मी आत निघून आले. आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट पुरती ऐकावीशी वाटली नाही. ती त्या दोघांची होती. स्वयंपाकघरात उगाच डबे इकडचे तिकडे करत राहिले. खिडकीतून आवाज येत होता तो फक्त बायडाक्काचा. संपतचा एकदाही आला नाही. मग बराच वेळ कुणाचाच आला नाही आणि नंतर एक हुंदका ऐकू आला. तो तिचा की त्याचा, मी बघायला गेले नाही.

बाहेर आले तेव्हा संपत गाळणं नसल्यामुळे हातानेच फेस बाजूला करून खत किटलीत भरत होता. बायडाक्का पदराची ओटी घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा एकदम तरुण दिसत होता.

“बाई,” संपत मान वर न करता म्हणाला, “ह्यात पानी किती घालायचं आसतं?”

“एकाला दहा.”

“आन कवा घालायचं?”

“ऊन उतरल्यावर. जमीन ओली करून घ्यायची आधी. मुळाशी, कडेकडेने.”

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग किटली खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि कुणालातरी म्हणाला, “पाव्हनं, जेसीबी घेऊन येऊ नगा. न्हाई. बांध ऱ्हानार हाय.” पलीकडच्याने कारण विचारलं असावं. “घरातलं मानूस हाय तितं,” संपत म्हणाला आणि फोन ठेवला.

श्रीधर आला तेव्हा संपतने खेपा घालून सगळं खत नेलं होतं आणि टिपाड स्वच्छ धुतलेलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि माझ्या काकडीला स्वतःच्या हाताने चिमूट चिमूट युरिया घालून आला. त्या वर्षी आमच्या बागेला तेवढंच खत मिळालं.

ऊन उतरल्यावर मी बांधावर गेले. बोलावलं होतं बायडाक्कानेच. संपतने विहिरीवरून पाणी आणून करंजाखालची जमीन ओली केली होती. मी खुरप्याने उकरलेला खळगा अजून तसाच दिसत होता. बायडाक्का त्याच्यापाशी बसली, पदरातला चिखल त्यात ठेवला आणि भाकरी थापावी तसा तळव्याने बसवला. मग ती पाय पसरून, झाडाला टेकून बसली. रस्त्याने माणसं रानातून घरी चालली होती. काहीजण थांबून बघत होती. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

संपतने किटली उचलली आणि घाईघाईने तिरपी केली. खताची धार जोरात पडली, माती उडाली.

“दमानं वत,” बायडाक्का म्हणाली. “बारकी हाय ती.”